भरणी

जांभळं घेतली होती मरोळ नाक्यावर,
पालघरहून येणाऱ्या बाईकडून,
दोन टोपल्या, भाव न करता,
कारण डिसेंबरात ऑस्टिन येणार होता बोटीवरून.

मला यातलं काही येत नव्हतं.
मी चिपळूणकडची. आमच्याकडे भरणी म्हणजे लोणचं.
कॉन्सी मावशीने मला पाटावर बसवलं,
साखर, मूठभर गहू, बेदाणे,
आणि लाकडी डाव उजवीकडूनच फिरवायचा,
का ते विचारायचं नाही.

एकविसाव्या दिवशी गाळायची असते.
पण गाळणं ऑस्टिनचं काम, लहानपणापासून.
शेवटी फडकं चोखायला मिळतं म्हणून
तो भावाशी मारामारी करायचा म्हणे.
“त्याच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही,”
मावशी म्हणाली, आणि तोंडाला सुतळी बांधली.

डिसेंबरात कंपनीने करार वाढवला.
पुढच्या डिसेंबरात बोट सिंगापूरला अडकली.
त्याच्या पुढच्या वर्षी त्याने नुसते पैसे पाठवले
आणि कोणी त्याबद्दल काही बोललं नाही.
कॉटखाली भरणी.
झाडू मारताना मी तिला वळसा घालायची,
झोपलेल्या माणसाला घालतात तसा.

मग तो आला. ना नाताळ ना ईस्टर,
एका मंगळवारी, रिक्षाने,
पोट सुटलेलं, कानाजवळ पांढरं.

गाठ त्याने एका झटक्यात सोडली.
(“मी सैल करून ठेवलेली,” डेन्झिल म्हणाला.)
फडकं निघालं आणि वास आला,
डोळ्यांत पाणी आणणारा, सरळ नाकात घुसणारा.
वरून मेट्रो गेली. ती जाईपर्यंत
खोलीत कोणी श्वास घेतला नाही.

मावशीने बोट बुडवलं.
चाटलं. एक डोळा मिटला.
आम्ही तिच्या दुसऱ्या डोळ्याकडे बघत राहिलो.
“शिरका झालाय,” ती म्हणाली.
“डेन्झिल, ऊठ. डुकराचं मटण आण. चरबीसकट.”

मग घर पेटल्यासारखं झालं.
मिरच्या, लसूण, जिरं, सगळं त्या जांभळ्या आंबटात वाटलं.
पीठ ताडीत भिजलं, मुठीतून एकेक गोळा तेलात सुटला,
फुगे, फुगे, माझी रिया ओरडली,
आणि खरंच ते वर येऊन गोल गोल फिरायला लागले.
इंदयाल खरं तर दुसऱ्या दिवशी खायचं,
मुरल्यावर.
दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला
आमच्यातलं कोणी तयार नव्हतं.

प्यायला मग नाशिकची बाटली,
कोपऱ्यावरच्या दुकानातून, स्टीलच्या पेल्यांत.
एक पेला खिडकीतून शेजारच्या पास्कूला.
माझे अप्पा माळकरी, कांदासुद्धा वर्ज्य,
भाचीच्या साखरपुड्याला आलेले,
ताटात फक्त फुगे घेऊन बसले होते.
वाटीतल्या उरलेल्या शिरक्याकडे बघून म्हणाले,
“यात काय आहे?”
“जांभूळ,” मी म्हणाले.
“फक्त?”
“आणि साखर.”
“मग चालेल.” फुगा बुडवला, खाल्ला,
खांदे शहारले,
दुसरा घेतला.

ऑस्टिन बराच वेळ काही बोलला नाही.
हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवलं.
“कधीची गं ही?”
“तू नाही आलास, तेव्हाची,” मावशी म्हणाली,
आणि त्याला आणखी वाढलं,
चरबीचा तुकडा शोधून, लहानपणी वाढायची तसा.
त्याने तो खाल्ला. मग रडू आलं त्याला, की तिखट लागलं,
दोन्हीला पाणी एकच, मी तांब्या पुढे केला.

रात्री भांडी घासताना
उरलेला शिरका आम्ही बिअरच्या बाटल्यांत भरला,
शेजारच्या चार घरांना पुरेल एवढा.
मावशीने फडकं तीन पाण्यांतून काढलं.
जांभळा डाग काही गेला नाही.
“येत्या जूनला,” ती म्हणाली, “एकवीस दिवस, मोजून.
बाविसाव्याला दारात जो असेल त्याला पाजायची.
बोटींसाठी थांबायचं नाही.”

आणि फडकं वाळत न घालता
माझ्या खांद्यावर टाकलं,
ओलं,
जड.