हौद क्रमांक चार

बिलावलीच्या मागच्या शेडमध्ये
नर्मदा येते ती नळातून.
जलूदहून पंप तिला घाट चढवतात,
इंदुरात पोचेपर्यंत तिला
औषधाचा वास लागलेला असतो.
दोन दिवस टाकीत उघडी ठेवतो आम्ही,
तो वास विसरावा म्हणून.
मग सोडतो हौदात.

हौदात बाडस आहे.
कागदोपत्री महाशीर, रजिस्टरात म-७,
पण हरलाल कहार बाडसच म्हणतो,
म्हणून मीही.
सव्वातीन किलो. पाठीवर जाळ्याचा जुना वण.
तीन भाद्रपद गेले,
पोट भरून आलं आणि तसंच ओसरलं.

मासे अंडी जिरवतात
हे नोकरीला लागले तेव्हा मला ठाऊक नव्हतं.
जागा पटली नाही की आतल्या आत परत घेतात.
कुणाला सांगत नाहीत.

इंजेक्शन दिलं. वाळू बदलली.
दोन नर सोडले, ते तिच्या कल्ल्यांपाशी
लुडबुडले, थकले, खाण्याकडे वळले.
वरून पत्र आलं : प्रगती कळवा.

हरलाल त्याच्या निमाडीत बोलला,
मी माझ्या मराठीत ऐकलं :
हिला चढायचंय.
पुराच्या उलट, गोट्यांवरून,
चोरलच्या पार वरच्या डोहापर्यंत.
हौदाला वर कुठे असतं?
चार भिंती, सगळ्या सारख्याच उंचीच्या.

मग त्यानं जुन्या कूलरचा पंप आणला,
पाइपला भोकं पाडली,
रात्रभर एका बाजूनं धार.
सकाळी ती धारेत तोंड घालून उभी.
शेपूट हलतंय,
तसूभरही पुढे नाही,
आणि चढतेय.

नवव्या दिवशी त्यानं आधी हात भिजवला,
कोरडा हात तिला लावायचा नाही,
आणि अंगठा पोटावरून अलगद खाली उतरवला.
लिंबाच्या रंगाचे दाणे परातीत.
नराचं दूध वरून. कोंबडीच्या पिसानं ढवळलं.
परात त्याच्या घरची.
बायकोला अजून कळलेलं नाही.

चार दिवस मी पांढरी पडलेली अंडी
चिमट्यानं वेचत होते.
आधी मोजत होते,
चारशेनंतर मोजणं सोडलं.

पाचव्या पहाटे कोपऱ्यात हालचाल.
उजेडाला भिऊन, एकमेकांच्या अंगाखाली
डोकी खुपसून पडलेली, डोळ्यांएवढीच पिल्लं.
मी दिवा मालवला.
रजिस्टर नंतर लिहीन.

बाहेर कॉलनीत नळ आले होते.
कुणीतरी नर्मदेनं
स्कूटर धूत होतं.