टक्

किल्ली आत दाबली की टक् व्हायला हवं.
एवढंच. दाराची कडी पडते तसं, छोटंसं.
होत नाही.

पोर्टेज लेकच्या काठी ऑक्टोबर संपत आलाय,
धक्क्याच्या फळ्यांवर दव गोठून पांढरं,
आणि माझा भाऊ वैक्को उलट्या बादलीवर बसून
मला सांगतोय, "आधी झाकण काढ, इर्या."
जणू मी झाकणावरूनच नाडी बघणार होते.

इंजिन अठ्ठ्याहत्तर सालचं. चाळीस घोड्यांचं,
त्यातले किती अजून पायावर उभे आहेत कोण जाणे.
कार्ब्युरेटरच्या घशाशी एक गोल पाकळी असते,
थंडीत ती मिटावी लागते:
हवा कमी, पेट्रोल जास्त,
सकाळचा पहिला घोट इंजिनालाही कडकच लागतो.
ती मिटवणारा सोलेनॉइड अंगठ्याएवढा,
आत तारेचं वेटोळं, वेटोळ्यात लोखंडी दांडा.
वीज आली की दांडा खेचला जातो.
टक्.

बोटाने पाकळी ढकलली. मिटली. सोडली, उघडली.
"अडकलेलं काही नाही."
"मग सोलेनॉइड गेला," वैक्को म्हणाला,
"नवा आता मिळायचाही नाही."
गेलं, असं पटकन म्हणायची सवय लागलीय त्याला,
डॉक्टरांनी हाताच्या थरथरीला नाव दिल्यापासून.

बॅटरीवरून एक सुटी वायर आणली थेट,
त्याच्या टोकाला टेकवली.
टक्!
इतकं स्पष्ट, की लव्हाळ्यातलं बदक उडालं.
"गेला नाहीये," मी म्हणाले.
तो बदकाकडे बघत राहिला.

म्हणजे दोष वाटेत.
जांभळ्या-पांढऱ्या वायरीचं टोक सोडवून मीटर लावला,
किल्ली दाबायला वैक्को. बारा व्होल्ट.
पुरते बारा. मी मीटरला दोनदा थोपटलं.
बारा पोचतात, तर हलत का नाही?

बादलीवरून आवाज आला,
"जोडून बघ. काम सांगितल्यावर किती उरतात ते बघ.
रिकाम्या हाताने सगळेच बारा सांगतात."

जोडलं. दाबलं.
साडेतीन.

मग बोटांनी वायर चाचपत गेले इंचाइंचाने,
रबरी बुचातून ती वळते तिथे
आवरण शिजल्या शेंगेसारखं मऊ लागलं.
कापलं. आतून हिरवी भुकटी सांडली,
आणि हिरव्यात एकच धागा, केसाएवढा,
बारा व्होल्ट अंगावर घेऊन एकटा.

याच काठामागच्या खाणीत बाबा तांबं काढायचे.
शर्टाच्या बाहीवर हिरवे डाग, आई लिंबू चोळायची.
अडुसष्टला खाण बंद झाली तेव्हा म्हणाले,
तांबं मरत नाही, भाव मरतो.
आणि जेवायला बसले.

लाल दिसेपर्यंत मागे सोलत गेले. बराच मागे.
नवा तुकडा पिळला, चिमट्याने आवळला,
त्यावर आकसणारी नळी सरकवली.
पेट्रोलचा कॅन लांब नेऊन ठेवला. लायटर पेटवला,
आणि एका जागी धरून नळी भाजली. काळा फोड.
पुन्हा कापा. पुन्हा सोला. वायर आखूडच होत चालली.
"इकडे आण," वैक्को म्हणाला.

त्याच्या हातात ज्योत ठरेना.
पुढे, मागे, खाली, पुन्हा पुढे,
नळी सगळीकडून सारखी गरम झाली
आणि वायरीला बिलगली, एक सुरकुती न पडता.
आम्ही दोघं काही बोललो नाही.
त्याने लायटर बंद केला, तिसऱ्या प्रयत्नात.

किल्ली त्यानेच दाबली.
टक्.
आता फिरव, मी म्हणाले, चालू करून बघू,
दुपारी वारा सुटेल.
त्याने फिरवली नाही.
टक्.
टक्.
वैक्को, बॅटरी उतरेल.
टक्.