दोनशे सत्तर किलोहर्ट्झ

कामाचा कागद खिशात होता, तिहेरी घडीचा:
दुपारी चार वाजता प्रक्षेपक बंद करावा,
मनोरा उतरवावा, तांब्याची तार मोजून परत आणावी.
चिलीच्या दक्षिण टोकाकडं, खाडीच्या शेवटाला,
जिथं रस्ता पोचायचा राहूनच गेला,
तिथं बोटीनं मला उतरवलं.
धावपट्टीवर मेंढ्या. वाऱ्याची पिशवी आडवी, ताठ.

नोल्फा मियालोंको किल्ली घेऊन आली.
एकतीस वर्षं ती इथून विमानांशी बोलते:
वारा कुठून, ढग किती उंच, मेंढ्या हाकलल्या की नाही.
"बंद करायला आलास," म्हणाली.
प्रश्न नव्हता तो.
मग किटलीत पाणी ठेवलं.

शेडमधली पेटी कोमट होती,
गाभण जनावराच्या कुशीसारखी.
एकच काम तिला, आपलं नाव सांगायचं.
डा-डिट. डिट-डिट-डा.
दोन अक्षरं, रात्रंदिवस, ऐकणारा असो नसो.
तू कुठं आहेस, हे ती कुणाला सांगत नाही.
मी इथं, एवढंच. मी इथं.
तोंड वळवायचं ते ज्याचं त्यानं.

चुकायचीही, नोल्फानं कबूल केलं.
तिन्हीसांजेला विमानातला काटा भरकटायचा,
किनाऱ्यापाशी लहरी वाकायच्या,
आणि वीज चमकली की काटा सगळं सोडून
तिकडंच बघायचा, हाक ऐकू आलेल्या पोरासारखा.
"माणसांचंही असंच होतं की.
म्हणून कुणी त्यांना मोडीत काढतं?"

गावातल्या जुन्या रेडिओंत ती घुसायची.
फुटबॉलच्या समालोचनाखाली, पाद्र्याच्या प्रवचनाखाली,
डा-डिट, डिट-डिट-डा.
पोरं त्याच ठेक्यात दार वाजवायला शिकली.
बाहामोंदेसची बायको अडली त्या रात्री
एलादियोनं दोन कड्यांमधून विमान खाली आणलं.
काचेबाहेर नुसता कापूस,
पाणी कुठं, खडक कुठं, काही नाही,
कानात ही दोन अक्षरं.
मुलगी झाली. ती आता पुंता आरेनासला
लोकांचे दात उपटते.

मी म्हणालो, आता उपग्रह आहेत,
चार पावलांचीही चूक होत नाही.
"असतील. चांगलंच आहे," नोल्फा म्हणाली.
"त्यातल्या एकाचं तरी नाव माहीत आहे तुला?"

चाराला दहा कमी असताना
स्पीकरमधून एलादियोचा आवाज आला.
आठवड्याची फेरी: औषधं, टपाल, एक शिवणयंत्र.
नोल्फा माझ्याकडं बघत होती, मी घड्याळाकडं.
खटका मी चारालाच पाडला.
आभाळ स्वच्छ होतं, म्हणून.
ढग असते तर काय केलं असतं,
हे मी स्वतःला अजून विचारलेलं नाही.

पेटी लगेच गार होत नाही.
तिच्यावर हात ठेवून उभा राहिलो.
तिकडं त्याचा काटा मान टाकून पडला असणार.

काही वेळ नुसती खरखर.
मग बोलायचं बटण दाबल्याचे खटके, शब्दांशिवाय:
एक लांब, एक आखूड.
दोन आखूड, एक लांब.

नोल्फानं मायक्रोफोन उचलला, परत ठेवला.
विमान बरोबर डोक्यावर आलं
की काट्याला काही सुचत नाही, तो गिरकी घेतो.
खालचा आवाजही तेवढ्यापुरता विरतो,
मनोऱ्याच्या माथ्यावर उलट्या नरसाळ्याएवढी
शांततेची जागा असते.
वैमानिक तिच्यावरूनच ओळखायचे, पोचलो.

तेवढा वेळ तिनं जाऊ दिला.
मग म्हणाली, "वारा नैर्ऋत्येचा, अठरा नॉट,"
आणि काठी घेऊन मेंढ्यांकडं गेली.

तार मी दुसऱ्या दिवशी गुंडाळली.
दोन मीटर कमी भरली.
कागदावर लिहिलं: वाऱ्यानं तुटून गेली.
नोल्फाच्या एप्रनचा खिसा फुगलेला होता,
मी तिकडं बघितलं नाही.