पाण्याची पातळी

आधी आवाज येतो.
टिंग.
केसाएवढं पातं टेबलाखाली कुठेतरी जाऊन पडतं
आणि करवतीचा हात नुसताच वर-खाली करत राहतो,
गोष्ट संपली तरी मान डोलवणाऱ्या माणसासारखा.

पात्याचं काही नाही. पाती डझनावर मिळतात.
गुरुवारी पातं शाबूत होतं
आणि बगळ्याचा पाय गेला.

तीन आठवडे. दोनशे सोळा भोकं.
प्रत्येक भोकात पातं ओवायचं, ताणायचं, कापायचं,
सोडवायचं, पुढच्या भोकात ओवायचं.
ह्यूऑन पाइनची फळी, लोण्यासारखी पिवळी,
धरणाच्या तळातून काढलेल्या ओंडक्याची.
हे झाड वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर जाड होतं.
मी ते एका शिंकेत मोडलं.

शिरा आडव्या होत्या, पाय उभा.
मला माहीत होतं.
माहीत असणं वेगळं
आणि चित्र चिकटवण्याआधी फळी फिरवून घेणं वेगळं.

क्लेम रॅडफर्डनं मला हे काम शिकवलं,
बंदरातल्या बोटी दुरुस्त करायचा तो.
म्हणायचा, मोडलं की आधी बटण बंद.
मग हात खिशात.
मग किटली.
चहाचा कप रिकामा झाल्याशिवाय
गोंदाच्या बाटलीला शिवायचं नाही.
रागात चिकटवलेलं वाकडंच चिकटतं.
त्याच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं होती,
म्हणून आम्ही त्याचं ऐकायचो.

मी दोन कप प्यायले.
मग टॉर्च घेऊन गुडघ्यांवर,
आडुसष्ट वर्षांच्या गुडघ्यांवर,
भुसा चाळणीतून चाळला,
कुत्रीचं तोंड उघडून पाहिलं,
यंत्राखालच्या कोळ्याची माफी मागितली.
पायाचा तुकडा नाही.

बाहेर पाऊस. या किनाऱ्यावर तो पाहुणा नसतो,
भाडेकरू असतो.
धक्क्यावर एक खरा बगळा उभा होता, राखी, दोन्ही पायांवर.
त्याच्याकडे बघवेना.

बगळा लोर्नासाठी होता.
मार्चमध्ये तिच्या खुब्याचं हाड मोडलं,
आता काठीवर चालते.
तिला लंगडा बगळा देणं
बरं दिसलं नसतं.

खरा बगळा दोन पावलं पुढे गेला,
पाणी त्याच्या पोटापर्यंत आलं
आणि पाय दिसेनासे झाले.
इतकंच.
मी पेन्सिल उचलली
आणि पाणी वाढवलं.

लाटांची एक नवी पट्टी, गडद लाकडाची,
मोडक्या जागेच्या वर.
पण त्यासाठी दुसरा पाय,
धडधाकट, गुळगुळीत घासलेला,
मला स्वतः कापावा लागला.
त्याबद्दल क्लेमनं काही सांगून ठेवलं नव्हतं.

सगळंच असं निभावत नाही.
गेल्या हिवाळ्यात घड्याळाची चौकट
चार वेळा सांधली, पाचव्यांदा शेगडीत टाकली.
दोन दिवस घरभर तो गोड, तेलकट वास,
आणि शेजारचा ड्यूई विचारत आला,
काय भाजतेस गं?
सहा महिने, म्हटलं.
आणि त्याआधीचा तो पेलिकन:
चोच गेली म्हणून लहान केली,
मान गेली म्हणून पाणी वाढवलं,
शेवटी करायला गेले पक्षी
आणि झालं तळं.
तेही विकलं गेलं, गोष्ट वेगळी.

लोर्नानं बगळा खिडकीत लावला.
चष्मा वर करून बराच वेळ पाहिला.
भरती आहे वाटतं, म्हणाली.
मी म्हटलं, हो.

रात्री स्वेटर काढताना
बाहीच्या दुमडीतून काहीतरी फरशीवर पडलं.
काडीएवढं, पिवळं,
गुडघ्याच्या गाठीसकट.

माझ्याकडे एक बरणी आहे.
तिच्यात दीपगृहाचा जिना आहे, कुणाच्या तरी नावातला अर्धा र,
एका देवदूताचा कान.
पाय तिच्यात टाकला, झाकण लावलं.

राहू दे.
ओहोटीला लागेल.