भोकाचा पैसा

पारोळ्याच्या बंद जिनिंगमधून
ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली तिला.
सरकीच्या पोत्यांखाली दबून बसलेली
मॉरिस मायनर, सन बावन्न.
डिकीत मुंगसाचं घर,
सीटच्या पोटात कापूस,
तोही बहुतेक त्याच जिनातला.
नाक्यावर एक म्हातारा म्हणाला,
"गाडी शे का भंगार शे, ताई?"
मी म्हटलं, दोन्ही शे.

त्याला सहा वर्षं झाली.

सोमवार ते शनिवार मी कॅश मोजते.
जिल्हा बँक, अमळनेर शाखा, काउंटर दोन.
खोटी नोट माझ्या बोटांना अंधारातही कळते.
रविवारी हीच बोटं
गंजाखाली खरा पत्रा कुठवर उरलाय ते चाचपतात.
चार थर खरवडल्यावर मूळ रंग निघाला,
बामणोदच्या भरताच्या वांग्याचा फिका हिरवा.
सोमवारी नोटांना रॉकेलचा वास येतो.
साहेबांनी एकदा विचारलं,
मग विचारायचं सोडलं.

मे महिन्यात इथं काम करायचं
तर पहाटे साडेचारला उठावं लागतं.
नऊनंतर पाना तव्यावरून उतरवल्यासारखा,
फडक्याशिवाय धरवत नाही.
इद्रिस उस्ताद सायकलवर येतात.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय,
म्हणून इंजिनावर लाकडी दांडा टेकवतात
आणि दुसरं टोक कानाला.
"तिसरा सिलिंडर खोटं बोलतोय."
मजुरी घेत नाहीत.
कळण्याची भाकरी, ठेचा,
आणि जुने स्पार्क प्लग तेवढे पिशवीत टाकून नेतात.
कशाला, ते सांगत नाहीत.

गेल्या अखाजीच्या सुट्टीत
गल्लीत माहेरवाशिणी झोक्यावर
आणि मी गाडीखाली उताणी.
तेलाच्या टाकीचं बूच काही केल्या फिरेना.
फिरलं तेव्हा त्यासोबत
एक जाड काळी चकती तळहातावर पडली.
वॉशर असणार.
पेट्रोलमध्ये चोळली,
तर कडेनं पानांची वेल उगवली,
उलटीकडे मुकुट, सन चव्वेचाळीस,
आणि मधोमध भोक.
बावीस वर्षं पैसा मोजतेय,
हा पहिल्यांदा हाती आला.

उस्तादांनी अंगठा फिरवला.
"हिरामण बडगुजर. अशी तिरकी कानस
तोच मारायचा. जिनाच्या इंजिनाचा माणूस,
मोटार जन्मात एकदाच उघडली असेल त्यानं."
मालकाला धुळ्याला लग्नाला जायचं होतं म्हणे,
वॉशर मुंबईहून यायला आठवडा लागणार होता.
कधी सांगतात लग्न नव्हे, दवाखाना.
दोन्ही गोष्टी मी खऱ्या धरल्यात.

कोइमतूरहून नवा वॉशर आला,
तेलकट कागदात गुंडाळलेला, लालबुंद तांबं.
बसवला. एक थेंब गळेना.
तीन आठवडे फरशी कोरडी.
रोज सकाळी मी वाकून बघायची
आणि का वाकले ते आठवायचं नाही.

चौथ्या रविवारी तेल काढलं,
पैसा पुन्हा चढवला, बूच आवळलं.
उस्ताद काही बोलले नाहीत.
नवा वॉशर उचलला
आणि प्लगांच्या पिशवीत टाकला.

आता ती चालते.
बोरीच्या पुलावर धापा टाकते,
केळीचे ट्रक हॉर्न देत पुढे जातात,
एक जण दर महिन्याला विचारतो, विकणार का.
रात्री थांबली की गळतं थोडं.
शेजारची ऋग्वी शाळेत जाता जाता
त्या डागाभोवती खडूनं गोल काढते
आणि आत तारीख लिहिते.
काल डाग दोन होते.
तिनं दोघांना वेगवेगळे गोल काढले
आणि दुसऱ्यात तारखेऐवजी प्रश्नचिन्ह.

दुसरा कुठून येतोय, शोधते आहे.
उस्तादांना अजून सांगितलेलं नाही.