उचलता येईल का?

शंभर फुटी रोडवरच्या तिसऱ्या दुकानात
पोरगा विचारतो, मॅडम, बजेट किती?
मी म्हणते, आधी ही मुलं बघा.

सम्मेद, वय चार, खिशात भडंग.
चेलना, वय आठ, दिसेल त्या फटीत
पायाचं बोट घालते, मग ओरडते.
आणि शीतल, वय चाळीस,
दिवसभर मार्केट यार्डात हळदीची पोती मोजतो,
कॉलर पिवळी, कानामागची घडी पिवळी,
रोज जिथे टेकेल तिथे दोन महिन्यांत
माणसाच्या आकाराचा डाग.

पोरगा पांढरा दाखवतो.
पांढरा नाही मॅडम, क्रीम.
मी नुसती शीतलच्या कॉलरकडे बघते.

मग रेक्झिन. पुसलं की झालं, म्हणतो.
एप्रिलात उघड्या मांडीला चिकटलेलं रेक्झिन
सोडवताना होणारा आवाज
यानं ऐकलेला दिसत नाही.

मग एक मऊ, फुगलेला.
दाबते तर हात आत जातो
आणि फोम वर येतो सावकाश,
उधारीच्या पैशासारखा.
मी वही काढते.
चौकट सागवानी. फोम चाळीसचा.
खोळीला चेन, म्हणजे धुता येईल.
कोपरे गोल
(सम्मेदच्या भुवईवर तीन टाके आहेत, टीपॉयचे).

तेवढ्यात सम्मेद उडी मारतो.
पोरगा धावतो, अरे अरे अरे,
आणि मागच्या दारातून
ओठांत चार खिळे धरलेले दस्तगीर मुजावर येतात.
खिळे तळहातावर काढून ठेवतात.
उडू द्या त्याला.
त्याच्यासाठीच घेताय न्हवं?

आम्ही सगळे गप्प उभे राहून ऐकतो.
एकदा. दोनदा.
तिसऱ्या उडीला भडंग उडतं,
एक शेंगदाणा फटीत जातो तो जातोच.
सोफा कुरकुरत नाही.

मग मी ते विचारते
जे वहीत लिहिलेलं नाही.
दोघांना उचलता येईल का?
जिन्यावरून?

होम डिलिव्हरी आहे मॅडम, पोरगा म्हणतो,
कितवाही मजला, फ्री.
तो लातूरकडचा, आला मागच्या वर्षी.
दस्तगीर माझ्याकडे बघतात.
गावभाग?
गावभाग.
किती आलं होतं घरात?
मी डोक्याच्या वर हात धरते.
ते मान हलवतात, भिंतीशी टेकलेली चौकट पालथी करतात.
नट-बोल्टवर करून देतो. तीन तुकडे.
एक पाना, दहा मिनिटं.
आयर्विनवर चाळीस म्हणाले की सुरू करायचं,
पंचेचाळीसची वाट बघायची न्हाई.

त्या वर्षी पाणी उतरल्यावर
गल्लीच्या तोंडाशी सोफ्यांचा ढीग होता.
लाल, निळे, फुलाफुलांचे, हप्ते न फिटलेले,
सगळे एकाच रंगाचे.
आमचा ओळखू आला
तो पालथा पडला होता म्हणून.
तळाच्या फळीवर चेलनानं खिळ्यानं
ओरखडून ठेवलं होतं काहीतरी,
मांजर असेल, किंवा मी.
तिला तेव्हा त्याबद्दल धपाटा मिळाला होता.

त्यानंतर सहा वर्षं सतरंजी.
पाहुण्यांना प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या,
तिसऱ्या पाहुण्याला, या ना, पलंगावरच बसा.

गुरुवारी सोफा आला. मेंदीच्या रंगाचा,
हळद त्यावर दिसेल, पण जरा उशिरा.
पाना मी मीटरच्या पेटीशेजारी टांगला,
सम्मेदच्या हाताला येणार नाही असा,
माझ्या हाताला अंधारात सापडेल असा.

मग शीतलला म्हटलं, धर, पालथा करू.
अगं नवा आहे.
म्हणूनच.
चेलनाच्या हातात खिळा दिला.
ती खिळ्याकडे बघते, माझ्याकडे बघते.
खरंच? नंतर ओरडणार नाहीस?

सम्मेदला अजून लिहिता येत नाही.
त्यानं फळीवर हात ठेवला,
तिनं भोवतीनं गिरवला, जीभ बाहेर काढून, हळू.
अंगठा जरा मोठा झालाय.