उघडी कडी

सातवा संपत आला तेव्हा
नर्सबाईंनी फोनवर सांगितलं,
डाव्या कुशीवर निजायचं, लाथा मोजायच्या.
दोन तासांत दहा.
कमी भरल्या तर कळवा.
कुणाला, ते सांगायच्या आत रेंज गेली.

हुपरीत त्या महिन्यात हातोडी वाजत नव्हती.
शेठचं शेवटचं काम घरात पडून,
पाव किलो कड्या, पैंजणासाठी, स्टीलच्या डब्यात,
वजन करून दिलेल्या, वजन करून परत द्यायच्या.
मी चिमटा घेऊन अंधारात बसायचे.
बाळ हललं की एक कडी दुसरीत अडकवायची.
अँब्युलन्स मोजायच्या नाहीत, असं ठरवलेलं.
कोल्हापूरकडं जाणाऱ्या वाजत जातात,
येणाऱ्या गप्प येतात.

आप्पांचा फोन रोज रात्री साडेआठला.
"काय गं, पेढा का बर्फी?"
"भरीत, आप्पा. वांग्याचं."
ते हसायचे, मग खोकायचे.
सोमवारी फोन आला नाही.
मंगळवारी धैर्यशील म्हणाले, वॉर्डात मोबाईल चालू देत नाहीत.
बुधवारी म्हणाले, चार्जर हरवलाय.
चालू देत नाहीत त्या मोबाईलचा चार्जर.
मी बरं म्हटलं.

आई व्हिडिओ कॉलवर पंखा दाखवायला लागली.
पंखा, पोपडे गेलेली छताची कड, कधी हनुवटी.
"आप्पा बरे हाईत. तू दूध पितीस न्हवं?"
कपाळ चौकटीत येतच नव्हतं.
आणि हात हलवल्याशिवाय तिला बोलता येत नाही,
म्हणजे हात हलत असणार,
पण बांगड्या वाजत नव्हत्या.

मी दूध प्यायचे.
घरात सगळे माझ्याशी
काचेचं सामान उतरवताना बोलतात तसं बोलायचे.
आत्ती नाक पुसत म्हणायच्या, फोडणी ठसकली.
गॅसवर काही नव्हतं.
दोन जिवांची बाई, तिला धक्का नको.
म्हणून मीही त्यांना धक्का दिला नाही.
एक पोटात, एक घशाशी.
घशातल्याला तारीख नव्हती.

एका रात्री बारा ते अडीच
बाळ हललंच नाही.
उघडी कडी चिमट्यात धरून बसले.
गूळ खाल्ला. गार पाणी प्यायले. कूस बदलली.
मनात आलं, यालाही कुणीतरी सांगितलं असेल.
मग मनात आलं,
नाहीच हललं तर सुटेन.
या विचाराला मी एवढी भ्यायले
की धैर्यशीलना उठवलंसुद्धा नाही.
काय म्हणून उठवायचं?
पावणेतीनला एक लाथ.
चिमटा निसटला. ती कडी कुठं घरंगळली
ते आजवर कळलं नाही.
शेठच्या वजनात तेवढं कमी भरणार.

सकाळी रेहाना जमादार, आशाताई, फाटकाबाहेर.
प्लास्टिकच्या ढालीआड चेहरा वाफाळलेला.
बोट पुढं करा. अठ्ठ्याण्णव.
ताप? नाही. खोकला? नाही. लोहाच्या गोळ्या? घेतेय.
रकाने भरले.
वही मिटून पिशवीत घातली,
आणि निघता निघता,
कोथिंबिरीचा भाव विचारावा तसं,
"झोप लागती का ओ?"

मी म्हटलं, आप्पा गेले ना.

आत्ती दारात होत्या, हातात तांदळाची परात.
कुणी काही बोललं नाही.
आत्ती उभ्या उभ्या तांदूळ निवडत राहिल्या,
निवडलेलेच.
रेहानाताई फाटकापलीकडच्या पायरीवर बसल्या,
चपला काढून,
आत बोलावल्यावर बसतात तशा.
पुढं त्यांची बावीस घरं राहिली होती.
"कधीपासनं ठाऊक हाय?"
"सोमवारपासनं."
"आज रविवार."
वही परत काढली. रकाना नव्हता.
समासात बॉलपेननं काहीतरी लिहिलं,
मला वाचता आलं नाही.

रात्री साडेआठला मीच फोन लावला.
पंखा. छताची कड.
"आई, फोन सरळ धर.
कपाळ बघू दे."
पंखा बराच वेळ फिरत राहिला.
मग हलला,
आणि माहेरचं सगळं घर तिरकं झालं.